शाळेचा निवाडा

आमचा व्यवसाय वकिलीचा. पक्षकार आला की त्याची बाजू ती आपली बाजू, ही या व्यवसायाची रीत. प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे ते बहुधा खोडून काढण्यासाठी. शिवाय निकाल देण्याची जबाबदारी आपल्यावर नसते, ती वर बसलेल्या न्यायाधीशाची. वीस वर्षांच्या या सवयीने माणसाचा असा समज होऊ लागतो की, जगातील प्रत्येक प्रश्नाला दोनच बाजू असतात आणि त्यांपैकी एक आपल्याला फी देते. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात असा एक दावा उभा राहिला की, ज्यात वादी आम्हीच, प्रतिवादी आम्हीच आणि न्यायासनावर बसावयाचे तेही आम्हीच. जिच्या भवितव्याचा हा दावा होता ती आमची सहा वर्षांची कन्या मात्र कोर्टात हजर नव्हती. ती बाहेर अंगणात चिंचोके मांडून खेळत होती. मुलीला पहिलीला कोणत्या शाळेत घालावे, एवढाच वादाचा मुद्दा.

‘एवढाच’ असे आम्ही लिहिले खरे. पण ज्यांच्या घरी पाच-सहा वर्षांचे मूल आहे, त्यांना या शब्दाचे वजन ठाऊक असेल. आम्ही लहान होतो तेव्हा, म्हणजे गेल्या शतकाच्या नवव्या दशकात, आमच्या वडिलांपुढे हा प्रश्न आलाच नाही. देवळापलीकडच्या चढावर सरकारी मराठी प्राथमिक शाळा होती. जून उजाडला, पाऊस सुरू झाला, वडिलांनी एका हातात छत्री व दुसऱ्या हातात आमचे मनगट धरून आम्हाला मास्तरांच्या स्वाधीन केले. निवड नव्हती, म्हणून चिंताही नव्हती. आज आमच्या अंत्रुज महालातील मध्यम स्थितीच्या गृहस्थापुढे चार दारे उघडी आहेत. गावची सरकारी शाळा आहे. शहरातील अनुदानित इंग्रजी शाळा आहे. भरमसाट फी घेणारी विनाअनुदान शाळा आहे. आणि अलीकडे चौथे एक दार दिसू लागले आहे, ते ‘पर्यायी’ म्हणविणाऱ्या खाजगी शाळेचे. त्याही पलीकडे, मुलाला कोणत्याच शाळेत न घालता घरीच शिकविणारे आईबाप आहेत. चार दारांपुढे उभा असलेला मनुष्य एका दारापुढे उभ्या असलेल्या मनुष्याहून सुखी असतो, असे निदान आम्हाला तरी वाटले नाही.

आम्ही चौथ्या दाराशी का गेलो, ते सांगितले पाहिजे. आमची सौभाग्यवती शहरातील एका बँकेत नोकरीस आहे. कन्या साडेतीन वर्षांची झाली तेव्हा बँकेपासून जवळ पडते म्हणून तिला तेथल्याच एका इंग्रजी बालवर्गात घातले. घरी ही मुलगी अखंड बोलते. मांजराशी बोलते, तुळशीशी बोलते, कोणी नसले तर स्वतःशी बोलते. बालवर्गात मात्र ती दोन वर्षे बोललीच नाही. रडली नाही, भांडली नाही, जाण्यास नाखूष नव्हती. केवळ गप्प राहिली. प्रगतिपुस्तकात शेरा आला, ‘मूल सहभाग घेत नाही’. पुढच्या सहामाहीस तोच शेरा लाल शाईने आला. आम्ही उभयता बाईंना भेटलो. घरी तिच्याशी इंग्रजीत बोला, असा सल्ला मिळाला. आमच्या मातोश्रींना तो कळला तेव्हा त्या म्हणाल्या, “मग मी या घरात कुणाशी बोलायचं?” शेवटी एका संध्याकाळी सौभाग्यवतीने मुलीलाच सरळ विचारले. मुलीने उत्तर दिले, “थंय आमचें कोण उलयना.” तिथे आमचे कोणी बोलत नाही. साऱ्या प्रकरणात इतका स्पष्ट जबाब आम्हाला दुसऱ्या कोणत्याही साक्षीदाराकडून मिळाला नाही.

पर्यायी शाळांविषयी वाचन तत्पूर्वीही केले होते. आता ते अधिक लक्षपूर्वक केले आणि पहिल्याच पानांत आमचा एक व्यवसायबंधू भेटला. गुजरातेतील गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते बालशिक्षणाकडे वळले, वकिली सोडली आणि १९२० साली त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडले. ज्या घरगुती प्रश्नाने आम्ही त्रस्त झालो होतो, त्याच प्रश्नाने या मनुष्याचे सारे आयुष्य बदलून टाकले! आमच्या ठिकाणी तेवढे धैर्य नाही, हे आम्ही सौभाग्यवतीला तत्काळ सांगून टाकले. तीही हप्ते भरणारी गृहिणी असल्यामुळे तिला हायसे वाटले.

या वाचनात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले, ते सान लोरेंझो या गरीब मजूरवस्तीतील मुलांसाठी. रुडॉल्फ स्टायनर यांची पहिली शाळा १९१९ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे निघाली, ती एका सिगारेटच्या कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले आणि १९५७ साली ते त्यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांत नेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी व अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आज साऱ्या देशाच्या तोंडी असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातून पुढे आला. म्हणजे मुलाच्या कलाने शिकविण्याच्या या पद्धती जन्मल्या त्या गरिबांच्या घरी. आज त्याच पद्धती चालविणाऱ्या शाळेचे माहितीपत्रक आम्ही मागविले, तेव्हा वार्षिक फीचा आकडा लाखाच्या पुढे होता.

यात त्या शाळेच्या चालकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. हिशेब सरळ आहे. सरकारी अनुदान नाही. मुले तीस आणि शिक्षक चार. म्हणजे सात-आठ मुलांच्या आईबापांनी मिळून एका शिक्षकाचे वर्षाचे वेतन उचलावयाचे, वर जागेचे भाडे, वाहन व साहित्य. वर्ग लहान ठेवावयाचा तर फी मोठी ठेवावी लागते. फी मोठी ठेवली की ती देऊ शकणारांचीच मुले येतात. चालकांपैकी कोणालाही तसे व्हावे असे वाटत नव्हते. तरी होत होते तसेच.

आम्ही ती शाळा पाहावयास गेलो. एका जुन्या कुळागरात चिऱ्यांचे कौलारू घर, पुढे प्रशस्त पडवी, मागे विहीर. इयत्ता अशा नाहीत. सहा ते दहा वर्षांची मुले एकत्र बसलेली. चार मुले विहिरीत दोरी सोडून पाणी किती खाली गेले आहे ते मोजत होती व गेल्या महिन्याच्या मापाशी ताडून पाहत होती. एक मुलगी पोफळीच्या विरीवर रंगकाम करीत होती. कोणी ओरडत नव्हते, कोणी हात बांधून बसलेले नव्हते. आमची कन्या प्रथम सौभाग्यवतीच्या पदराआड होती. अर्ध्या तासाने ती विहिरीच्या कठड्यापासून सुरक्षित अंतरावर, पण दोरी मोजणाऱ्यांच्या जवळ जाऊन उभी राहिली. हे दृश्य पाहून आमचे मन त्या शाळेच्या बाजूने झुकले, हे येथे नमूद करतो. मुलाला भीती वाटत नाही अशी जागा डोळ्यांनी पाहणे हा मोठाच पुरावा असतो.

पण पुरावा म्हटला की उलटतपासणी आली. पहिला प्रश्न आम्ही भाषेचा विचारला. ही मुले मातीत हात घालतात, झाडांची नावे शिकतात, गावच्या ओहोळाचा नकाशा काढतात. हे सारे कोणत्या भाषेत? उत्तर मिळाले, इंग्रजीत. शिक्षकांपैकी दोघे परप्रांतीचे, पालकांपैकी निम्मे गेल्या काही वर्षांत गोव्यात येऊन राहिलेले. सर्वांना समजेल अशी भाषा तीच. कोंकणी आहे का, तर शुक्रवारी गाणी असतात. मराठी? ती पुढे घेता येईल. विहिरीच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या त्या मुलांना ‘रहाट’ हा शब्द ठाऊक नव्हता आणि शिकविणारालाही नव्हता. मातीशी नाते सांगणाऱ्या शाळेत त्या मातीची भाषाच नसावी, याचे आम्हास नवल वाटले. आमची कन्या ज्या कारणाने दोन वर्षे गप्प राहिली, ते कारण येथेही होते. फक्त येथे त्याला शेरा मिळाला नसता.

दुसरा प्रश्न अर्थातच कायद्याचा. वाचकांपैकी पुष्कळांना याची स्पष्ट कल्पना नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. २००२ सालच्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला आणि तो अंमलात आणणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे मान्यतेवाचून शाळा चालविता येत नाही. चालविल्यास एक लाखापर्यंत दंड आणि त्यानंतरही चालू ठेवल्यास दिवसाला दहा हजारांपर्यंत. मान्यतेसाठी खोल्या, शिक्षक, ग्रंथालय, क्रीडांगण यांची मोजमापे ठरलेली आहेत. कुळागरातील घर त्या मोजमापात बसणे कठीण. या शाळेची मान्यता ‘विचाराधीन’ होती. हा शब्द आम्ही कचेऱ्यांत इतक्या वेळा ऐकला आहे की, त्याचा अर्थ आम्हाला कोशात पाहावा लागत नाही.

तथापि मान्यता नसली तर मुलाचे शिक्षण वाया जाते, असेही नव्हे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास बाहेरून देता येते व ते प्रमाणपत्र ग्राह्य असते. घरी शिकणाऱ्या मुलांचाही राजमार्ग हाच. १० व्या कलमाने मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले आहे. पण ते न केल्यास शिक्षा काय, हे सांगितलेले नाही. म्हणून गृहशिक्षण हे कायद्याने स्पष्टपणे मान्य केलेलेही नाही आणि त्यासाठी आईबापांस शासनही नाही. वकिलास अशी जागा आवडते, बापास आवडत नाही. वकील म्हणतो, येथे वाद घालता येईल. बाप म्हणतो, माझ्या मुलीवरून वाद नको.

याच कायद्याचे २९ वे कलम वाचताना आम्ही थबकलो. शिक्षण कृतीतून, शोधातून, मुलाला केंद्रस्थानी ठेवून व्हावे. मूल भय व दडपण यांपासून मुक्त असावे. आणि शक्य तेथवर माध्यम मातृभाषा असावी, असे ते कलम सांगते. १७ वे कलम शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मज्जाव करते. पर्यायी शाळेच्या माहितीपत्रकात ज्या गोष्टी तत्त्वज्ञान म्हणून छापल्या होत्या, त्या २०१० पासून देशातील प्रत्येक शाळेवर कायद्याने बंधनकारक आहेत! फरक इतकाच की, कुळागरातील चार शिक्षकांनी त्या मनावर घेतल्या आणि इतर असंख्य ठिकाणी त्या राजपत्रात राहिल्या. म्हणजे पर्यायी शाळेला आपण जी फी देतो ती वास्तविक कायद्याच्या अंमलबजावणीची फी होय. (जाता जाता एक गंमत सांगतो. त्या शाळेने प्रवेशापूर्वी आईबापांची मुलाखत ठेवली होती. १३ व्या कलमाप्रमाणे मुलाची वा पालकांची अशी चाळणी लावता येत नाही. आम्ही मुलाखतीस गेलो, निमूटपणे उत्तरे दिली आणि कलमाचा उच्चार केला नाही. तेथे आम्ही पक्षकार होतो.)

यानंतर आम्ही गावच्या शाळेत गेलो, जेथे आम्ही स्वतः शिकलो तेथेच. पूर्वी चार वर्गांत शंभराच्या वर मुले असत. आता चारही इयत्ता मिळून अकरा. दोन खोल्यांना कुलूप. एका खोलीत एक बाई चारही इयत्ता शिकविताना दिसल्या. पहिलीतला मुलगा मणी मोजत होता, तिसरीतली मुलगी त्याची चूक दाखवीत होती, चौथीतला एकजण मोठ्याने वाचीत होता व बाकीचे ऐकत होते. कुळागरात हेच दृश्य पाहिले होते. तेथे त्याला ‘मिश्र वयोगटाची पद्धती’ असे नाव होते, येथे त्याला ‘पटसंख्येचा अभाव’ असे नाव आहे. बाई चांगल्या होत्या, पण थकलेल्या होत्या. निवडणुकीची कामे, याद्या, अहवाल, पोषण आहाराचा हिशेब यांतून वेळ उरेल तेवढ्यात शिकवावयाचे. विज्ञानाच्या साहित्याच्या पेटीवर धूळ होती. एका कोपऱ्यात छत गळत असे, तेथे बादली ठेवलेली होती. देवळासमोर फुले विकणाऱ्या बाईचा नातू त्या अकरांत होता. आम्हास पाहून ती नंतर म्हणाली, “तुमची मुलगी आली तर बारा होतील. अकराची शाळा कधी बंद करतील, काय भरवसा!”

हे वाक्य आमच्या दाव्यातील सर्वांत अवघड पुरावा ठरले. आतापर्यंत आम्ही एका मुलीचा विचार करीत होतो. या बाईने आणखी अकरा मुलांना कोर्टात आणून उभे केले.

घरी वाद झाला. मातोश्रींचा कौल गावच्या शाळेला होता. कारण एकच, मुलगी दुपारी जेवायला घरी येईल. सौभाग्यवतीने वहीत रेघ मारून दोन रकाने केले. एका बाजूस लिहिले: निर्भय वातावरण, लहान वर्ग, हाताने करून शिकणे, परीक्षेचा काच नाही. दुसऱ्या बाजूस: फी, मान्यतेची अनिश्चिती, येण्या-जाण्यात रोजचे दोन तास, शिक्षक वरचेवर बदलतात, आपली भाषा नाही, आणि पुढे नेहमीच्या शाळेत यावे लागले तर मुलीला सांधा जुळवावा लागेल. आम्ही त्यात एक ओळ घातली: ‘सर्व मुले एकाच थरातील’. ती म्हणाली, “शहरातल्या इंग्रजी शाळेत तरी दुसरं काय आहे?” ते खरे होते. पुढे तिने जे सांगितले ते आम्ही विसरणार नाही. “गावची शाळा वाचवायची, मराठी वाचवायची, हे तुमचे विचार चांगले आहेत. पण त्यांची किंमत आपण मोजत नाही, ती मोजणार. तिला गावच्या शाळेत घालायचं तर ते तिच्यासाठी घालायचं. गावासाठी नको.”

या युक्तिवादास आमच्याजवळ तत्काळ उत्तर नव्हते. कायदाही येथे आईबापांच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्या प्रकरणात असा निवाडा दिला की, प्राथमिक शाळेत मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती सरकारला करता येत नाही. आणि मुलाची मातृभाषा कोणती हे ठरवावयाचे ते पालकाने. आमच्या गोव्यात तर हा प्रश्न रस्त्यावरही येऊन गेला आहे. १९९० साली सरकारने प्राथमिक अनुदान केवळ भारतीय भाषांच्या शाळांना देण्याचे धोरण स्वीकारले. २०११ साली इंग्रजी माध्यमासही ते देण्याचे ठरले आणि मोठे आंदोलन झाले. त्या आंदोलनात घोषणा देणाऱ्यांपैकी कितीजणांची मुले कोणत्या शाळेत होती, ही चर्चा तेव्हा गावोगाव चाले. आम्हाला ती अप्रस्तुत वाटत नाही, पण पुरेशीही वाटत नाही. आपल्या मुलाचे हित पाहणे हा ढोंगीपणा नव्हे.

मात्र एका ठिकाणी आमचे मन स्थिर झाले, ते आजोबांच्या आठवणीने. पोर्तुगीज अमदानीत आमचे आजोबा सकाळी सरकारी शाळेत जाऊन सेगुंद ग्राव झाले आणि दुपारी देवळाच्या अगरशाळेत पंतोजींकडे मोडी-बाळबोध शिकले. ती दुपारची शाळा सरकारी नव्हती; तिला सरकारी मदतही नव्हती. त्या काळी गोव्यात मराठी शाळा हीच पर्यायी खाजगी शाळा होती! पणजीस १९०८ साली मुष्टिफंड संस्था निघाली, तिच्या नावातच तिचा इतिहास आहे: घरोघरच्या गृहिणींनी रोज बाजूला काढलेल्या मूठभर तांदळावर ती उभी राहिली. फोंड्यास १९११ साली गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या तेव्हा त्यांना विद्यार्थी मिळाले, पालक मिळाले, शिकविणारेही मिळाले. कारण जमीन आधी नांगरलेली होती.

आजोबांच्या पर्यायी शाळेत व आजच्या पर्यायी शाळेत भेद आहे तो येथे. पसंत नसलेल्या शिक्षणाला पर्याय शोधणे हे दोन्हीकडे समान. पण तेव्हा गावाने मिळून गावाच्या मुलांसाठी पर्याय काढला. मूठ ज्याच्या त्याच्या ऐपतीची, पण शाळा सर्वांची. आज एकेक आईबाप एकेका मुलासाठी पर्याय विकत घेतो. विकत घेणारा ग्राहक असतो. माल पसंत पडला नाही तर तो दुसऱ्या दुकानात जातो. दुकान सुधारण्याचे काम त्याचे नसते. आणि येथे कायद्याचे आणखी एक कलम आमच्या उपयोगी पडले. २१ व्या कलमाप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळेत जी व्यवस्थापन समिती असावयाची, तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. विनाअनुदान खाजगी शाळेस हे कलम लागू नाही. म्हणजे लाखाची फी देऊन आम्हाला कुळागरात जो अधिकार मिळाला नसता, तो गावच्या शाळेत एक पैही न देता मिळणार होता. तो वापरणारा मात्र पाहिजे.

हे सारे आम्ही सौभाग्यवतीपुढे मांडले. तिने ऐकून घेतले आणि तीन अटी घातल्या. पहिली, आम्ही दोघांपैकी एकाने समितीवर जावयाचे आणि ती म्हणाली, “मी जाते, तुम्ही भाषण कराल.” दुसरी, कुळागरात जे पाहिले त्यातले साधेल तेवढे घरी व गावच्या शाळेत करावयाचे, विहीर आपल्याकडेही आहे आणि दोरीला मान्यता लागत नाही. तिसरी व मुख्य अट: दर दसऱ्याला, पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून झाली की, तीन गोष्टी पाहावयाच्या. मुलगी शाळेत बोलते का? तिला वाचता येऊ लागले का? ती सकाळी आपण होऊन निघते का? दोन गोष्टींचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर गाव, भाषा, आजोबा यांतले काहीही मध्ये न आणता दुसरी शाळा पाहावयाची. आम्ही अटी मान्य केल्या. आजवर तयार केलेल्या करारपत्रांत इतके न्याय्य करारपत्र आमच्या हातून झालेले नाही. आणि हेही आमच्या हातचे नव्हे.

प्रवेशाच्या अर्जात ‘मातृभाषा’ या रकान्यात कोंकणी लिहिले आणि ‘माध्यम’ या रकान्यात मराठी. अर्ज भरून घेणाऱ्या बाईंना त्यात काही विसंगत दिसले नाही. आमच्या घरातही चार पिढ्यांत ते कोणाला दिसलेले नाही.

जून महिन्यापासून कन्या गावच्या शाळेत जाते. सारे सुरळीत झाले, असे लिहिण्याचा मोह आम्ही आवरतो. हजेरीच्या वेळी ती अजून ‘हजर’ म्हणत नाही, नुसती मान हलविते. मात्र तिसऱ्या आठवड्यात बाईंनी सांगितले की, ती फुलवालीच्या नातवाच्या कानात काहीतरी सांगते आणि मग तो ते मोठ्याने वर्गाला सांगतो. सध्या तिने वकील दिला आहे, असे आम्ही समजतो.

या मासिकाचे बहुसंख्य वाचक कोणत्या ना कोणत्या देवस्थानाशी बांधलेले आहेत. आपण जत्रेची वर्गणी देतो, पालखीला खांदा देतो, देवळाच्या कौलांची डागडुजी पावसाआधी करून घेतो. त्यासाठी कोणाची वाट पाहत नाही. आपल्या वाड्यावरील शाळेच्या समितीवर कोण आहेत, हे मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असेल. ज्यांची मुले दुसरीकडे शिकतात त्यांनी ती काढून आणावीत, असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येक घराचा दावा वेगळा, त्याचा पुरावा वेगळा. म्हणणे इतकेच की, निवाडा देण्यापूर्वी एकदा त्या शाळेत जाऊन यावे. फार करून ती चालून जाण्याच्या अंतरावर असते.

समितीची पुढची सभा या महिन्याच्या अखेरीस आहे. विषयपत्रिकेवर दोन विषय आहेत: गळके छत आणि कुलूप लावलेल्या दोन खोल्यांपैकी एक वाचनासाठी उघडणे. सौभाग्यवतीने दोन्हींचा खर्च काढून ठेवला आहे.